आबांच्या तारखा

"आई अंघोळीला गेलीय," मी दारातच सांगितलं.

आबा खराडेंनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "भर दुपारी?"

"उकडतंय ना आज."

"सकाळी आलो तेव्हापण अंघोळीलाच गेलती."

"ती पहिली. ही दुसरी."

"काल देवळात गेलती. परवा दातवाल्या डॉक्टरकडं. त्याच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस झोपलीय, आणि आतनं मिक्सरचा आवाज येत होता, ईश्वरीबाई."

मी दार आणखी थोडं पुढं ओढलं. 

माझ्या पाठीमागे, फ्रिज आणि भिंत यांच्या सांदीत, माझी आई हातात उलथनं धरून उभी होती. अंगावर ऑफिसची साडी. गळ्यात चित्रवेल स्टुडिओचं ओळखपत्र, त्यावर तिचा हसरा फोटो आणि खाली 'उज्ज्वला नलवडे, निर्मिती प्रमुख'. त्या निर्मिती प्रमुख मला उलथन्यानं खुणा करत होत्या, घालव त्यांना, घालव.

"बरं," आबा म्हणाले. "अंघोळ झाली की सांग, आबा येऊन गेले. आणि म्हणावं, धोतर मी माझंच आणीन. तुमच्या ड्रेसवाल्यांची मापं मला कधी बसत नाहीत." पायऱ्या उतरून ते स्कूटरपाशी गेले आणि तिथून आमच्या घराच्या भिंतीला उद्देशून म्हणाले, "साबण जपून वापर गं उज्जी!"

आबा नुसतं बोलले तरी समोरच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. त्यांची उमेदीची वर्षं गेली जत्रेतल्या नाटकांत. तिथं माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जायला हवं. हे तर ते चक्क ओरडून म्हणाले होते. पलीकडच्या घरातून कोणीतरी फिस्सकन हसलं.

दार लावून मी वळले. "आई, उद्यापासून मी नाही उघडणार दार."

"उद्या ते नाही येणार."

"का? त्यांना कळलं?"

"उद्या अमावास्या आहे. आबा अमावास्येला कामाचं बोलत नाहीत."

ही गोष्ट मी सातवीत होते तेव्हाची. आता मी दहावीत आहे, आणि आईला मी माफ केलंय, पण त्या आठवड्यापुरतं नाही. त्या वर्षी मी वर्गाची मॉनिटर झाले होते, वक्तृत्वात पहिली आले होते, आणि जगातला कुठलाही प्रश्न समोरासमोर दोन वाक्यं बोललं की सुटतो असा मला नुकताच शोध लागला होता. आणि नेमकी घरात माझी आई फ्रिजमागे.

आई आधी कोण होती ते सांगायला हवं. मी पोटात असताना आमच्या गल्लीत एका सिनेमाचं शूटिंग लागलं होतं. त्यांना डोक्यावर कळशी घेतलेल्या बायका हव्या होत्या आणि ज्यानं आणायच्या तो माणूस आलाच नव्हता. आईनं दारं वाजवली आणि चहा उकळेपर्यंत अख्खी गल्ली कळशा घेऊन उभी केली. तेव्हापासून ती 'माणसं देणाऱ्या उज्जीताई'. आधी गर्दीतली माणसं, मग एखाद-दोन वाक्यांची, मग खरे कलाकार. कोल्हापूर, सातारा, वाई, कुठंही कॅमेरा लागला की आमच्या बाहेरच्या खोलीतला फोन वाजायचा. आई त्यांची एजंट. त्यांचं काम मिळवणार ती, त्यांच्यासाठी भांडणार ती.

आणि भांडायची कशी? गप्प बसून. पलीकडचा काहीतरी कमी सांगायचा, आई "हं" म्हणायची आणि नखं बघत बसायची. पलीकडचा बोलत राहायचा, मध्येच "हॅलो? हॅलो, ताई?" करायचा, आणि शेवटी घाबरून स्वतःच गाडी, खोली, पोस्टरवर नाव, सगळं देऊन टाकायचा. चित्रवेलचे मालक रणदिवेसाहेब असे तीन सिनेमे तिच्याकडून हरले. चौथ्या वेळी त्यांनी तिला नोकरीच दिली. ते म्हणाले म्हणे, "या बाईशी भांडण्यापेक्षा तिला आपल्या बाजूला बसवलेलं परवडेल."

आई टेबलाच्या या बाजूची उठून त्या बाजूला गेली. गल्लीत पेढे वाटले. पप्पांनी कराडहून खास रजा काढून येऊन तिला चामड्याची बॅग घेऊन दिली. तिचे कलाकार आपापले दुसरे एजंट धरून मोकळे झाले. आबा खराडे सोडून. "बाई साहेब झाली म्हणून मी काय आता दुसरा घरोबा करू?" असं ते म्हणाले आणि एजंटाविना राहिले.

एजंट असतानाची आईची एक जुनी खोड होती. कुठं सिनेमाचा नुसता वास आला, की ती आपल्या कलाकाराला फोन करायची, "तारखा राखून ठेवा." चित्रवेलमधल्या तिच्या पहिल्या सिनेमाची गोष्ट तिच्या हातात पडली तेव्हा मी शेजारीच गृहपाठ करत होते. गोष्टीत एक म्हातारा होता. अख्खा सिनेमा त्याच्यावर होता. 'म्हातारा' हा शब्द वाचला मात्र, आईनं पुढचं पानसुद्धा उलटलं नाही. हात आपोआप फोनकडे गेला. "आबा, दिवाळीनंतरच्या तारखा राखून ठेवा."

पुढची पानं तिनं रात्री वाचली. तो म्हातारा गप्प असतो. बडबड्या माणसांनी भरलेल्या घरात त्यानं बोलणं सोडून दिलंय, आणि सिनेमाभर तो बहुतेक नुसता बघतो. दिग्दर्शकानं त्यासाठी रत्नागिरीचे एक बारीकसे निवृत्त पोस्टमास्तर शोधून काढले, आणि ते पक्के झाले.

हे आबांना सांगायचं होतं. एवढंच. एक वाक्य. 'आबा, तुम्ही नाही, दुसरे कोणीतरी आहेत.'

"सांगून टाक ना," मी जेवताना म्हणाले.

"सांगते."

"कधी?"

"बघू. तारीख बघून."

"आई! तू साहेब आहेस ना आता? साहेब लोक नाही म्हणतात. त्यांचं कामच ते असतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं? मी आयुष्यात माझ्या माणसाला नाही म्हटलेलं नाही. नाही म्हणणारे समोरचे असायचे."

"मग आता तूच समोरची आहेस."

आईनं माझ्या ताटात न विचारता भात वाढला. म्हणजे विषय बंद.

"मी सांगतो त्यांना," मी म्हणाले. (आमच्याकडे कोल्हापुरात पोरीपण मी आलो, मी गेलो असंच बोलतात. पुण्याची माझी मावसबहीण हसते. हसू दे.) "दोन वाक्यात सांगतो. वक्तृत्वासारखं."

"तू तोंड उघडलंस तर बघ."

"दार मात्र उघडू?"

"दार उघड. तोंड उघडू नकोस."

आता यावर माणसानं करायचं काय!

रविवारी आबा पुढच्या दारानं आलेच नाहीत. ते मागच्या बोळातून, धुण्याच्या दगडाकडून आले. आणि आई तिथंच, मागच्या पायरीवर, डोक्याला मेंदी थापून, वर दुधाची पिशवी बांधून बसली होती. कपाळावरून एक हिरवा ओघळ आला होता. पळून जाण्यासारखी तिची अवस्थाच नव्हती.

"म्हणजे आजची अंघोळ राहिलीय," आबा म्हणाले.

"आबा! अहो, मी तुम्हालाच फोन करणार होते." आई उठली, पिशवी कानांवर ओढली. "या ना आत. ईशू, चहा टाक."

"चहा नको. तारीख सांग."

"कसली?"

"शूटिंगची. का आता त्याचं पण मुहूर्तपत्र छापून येतंय?"

ते आत येऊन पलंगावर बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं. मी मंद आचेवर चहा चढवला आणि दारात टेकून उभी राहिले. मला आत जायला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी मी गेले नसते.

"त्याचं काय झालंय आबा," आईनं सुरुवात केली. हा तिचा मधाळ आवाज मला पाठ होता. "शूटिंग जरा पुढं गेलंय."

"जाऊ दे की. मी रिकामा आहे."

"बरंच पुढं जाईल."

"मी बराच रिकामा आहे."

"आणि मग तुमची ती लाडमॅडमची मालिका आहे ना वाईची, सासऱ्याची भूमिका. मोठं काम आहे. ते आणि हे एकमेकांत येणार. मी म्हटलं, कशाला तुमचं हातातलं काम..."

"ते सोडलं मी."

आईच्या कपाळावरचा ओघळ भुवईपर्यंत आला होता. तिनं तो पुसला नाही.

"सोडलं म्हणजे?"

"सोडलं म्हणजे नाही म्हणून सांगितलं. लाडबाईंचा माणूस घरी आलता. मी म्हटलं, चित्रवेलचा सिनेमा आहे, तारखा दिल्यात. तू म्हणालीस ना, राखून ठेवा?"

"आबा, मी तर कायमच म्हणते राखून ठेवा! कुठल्याही कामाला म्हणते! तुम्ही आजवर कधी ठेवल्यात?"

"नाही ठेवल्या. पण तेव्हा तू आमच्याबरोबर दारात उभी असायचीस, उज्जी. दारातल्या माणसाला काय माहीत असतंय? ते आपलं वाऱ्यावर बोलायचं. आता तू आत खुर्चीवर बसतेस. आतला माणूस राखून ठेवा म्हणाला की आमच्यात त्याला काम मिळालं म्हणतात. मी घरात साखर वाटली."

 मला दोघांचाही राग आला. आईचा जास्त. एका जुन्या सवयीपायी तिनं म्हाताऱ्या माणसाचं सहा महिन्यांचं काम घालवलं होतं, आणि वर आठवडाभर मला दारात उभी करून खोटं बोलायला लावलं होतं.

"आई, सांग आता," मी म्हणाले.

"ईशू, आत जा."

"आत म्हणजे कुठं? फ्रिजमागं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरातल्या फ्रिजकडे, मग आईकडे. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं एकेक करून उमटत गेलं. नट माणूस. त्यांना लपवता येत नाही.

आई समोरच्या खुर्चीवर बसली. मधाचा आवाज गेला होता. "आबा, ती भूमिका तुम्हाला दिलेली नाही."

"तारखा जुळत नाहीत?"

"तारखांचा काही संबंध नाही. दिग्दर्शकानं मला तुमच्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, तुम्ही त्यांना... तुम्ही त्यांना दहा वर्षं ओळखता, तुम्हाला काय वाटतं?" आईची गाडी एकदा घसरली, मग रुळावर आली. "मी म्हणाले, आबा नको."

"तू म्हणालीस?"

"मी म्हणाले."

मलाही हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं रणदिवेसाहेबांनी, दिग्दर्शकानं, कोणीतरी दुसऱ्यानं नकार दिला आणि आई नुसती निरोप्या.

"का?" आबांनी विचारलं. हळू विचारलं, म्हणजे त्यांच्या मानानं.

"तो माणूस गप्प आहे, आबा."

"हात्तिच्या! एवढंच? मग मी गप्प बसतो. गप्प बसायला काय लागतंय? हे बघ."

आणि आबा गप्प बसले. म्हणजे त्यांनी आधी छाती भरून श्वास घेतला, तो ऐकू आला. मग हनुवटी वर केली. डोळे मोठे करून छताकडे नेले, तिथून सावकाश खिडकीवर आणले. एक हात गुडघ्यावर आपटून ठेवला. नाकपुड्या थरथरवल्या. ओठ असे मिटले की ते मिटलेत हे रस्त्यावरून दिसावं. त्यांची ती शांतता तीन गल्ल्यांत ऐकू गेली असती.

मला हसू आवरेना. आईनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मेंदी गेली असेल.

"कसंय?" आबांनी विचारलं.

"मोठंय," आई म्हणाली. "कॅमेरा इथं असतो, तुमच्या नाकापाशी. आणि तुम्ही गडहिंग्लजपर्यंत गप्प बसताय."

आबांनी हात गुडघ्यावरून उचलला आणि दुसऱ्या हातात धरला.  मग म्हणाले, "ते वकिलाचं काम होतं. आठ-नऊ वर्षांमागं. तेव्हा तू म्हणालीस, तारखा जुळल्या नाहीत."

"आबा, जाऊ दे ना आता."

"जुळल्या नव्हत्या?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी 'सांग' म्हणून मान हलवली. मॉनिटर होते मी, मला वाटलं मलाच विचारतेय.

"सिनेमावाले म्हणाले, हा माणूस कोर्टात उभा राहिला तर न्यायाधीश पळून जाईल," आई म्हणाली.

"बरं. आणि तो मुंबईचा सिनेमा? स्टेशनमास्तर?"

"तुम्ही आधीच्या सेटवर दिग्दर्शकाला अभिनय शिकवला होता. त्यानं या मुंबईवाल्याला सांगितलं."

"त्याला शिकवायची गरजच होती! आणि ते जाहिरातीचं? आजोबा, नातू, आमरस?"

"नातू तुम्हाला बघून रडला. चाचणीच्या वेळी."

"ते पोरगं रडकंच होतं!" आबा उठून उभे राहिले. खिडकीची काच खरोखर वाजली. "म्हणजे दहा वर्षं माझ्या तारखा भरलेल्या नव्हत्याच? अगं, माझी बायको तेव्हा म्हणायची. म्हणायची, हा माणूस दिवसभर घरात शेंगा फोडत बसतोय, आणि ती उज्जी म्हणतीय याच्या तारखा नाहीत, मग तारखा कोण खातंय? मी तिलाच वेड्यात काढलं!"

"मी काय करणार होते?" आता आईचाही आवाज चढला. पिशवी एका कानावर सरकली होती. "दुसऱ्या दिवशी तुम्हाला दुसऱ्या सेटवर उभं करायचं असायचं मला. आदल्या दिवशी सांगितलं असतं, पोरगं रडलं म्हणून, तर उभे राहिला असतात?"

आबा  परत बसले.

"नसतो राहिलो," ते म्हणाले.

गॅसवर चहा उतू गेला. मी धावले. कप घेऊन परत आले तोवर आईच्या हातात फोन होता आणि ती एक नंबर लावत होती. चेहरा असा, की एजंट असताना एखाद्या मोठ्या लढाईआधी असायचा. फोन तिनं मोठ्या आवाजावर टाकला होता. तिला तसंच बोलायची सवय, हात मोकळे लागतात.

"पौर्णिमा, उज्ज्वला बोलतेय."

"अगंबाई, चित्रवेलच्या साहेब!" लाडमॅडम पलीकडून हसल्या. "आज काय? आमचा कलाकार पळवायचाय का आमच्या गळ्यात मारायचाय?"

आई काही बोलायच्या आत आबांनी टेबलावरचा फोन उचलला, आवाज बंद कसा करायचा ते त्यांना कळेना म्हणून तो उशीखाली दाबला आणि कुजबुजले. आबांची कुजबुज म्हणजे आपलं साधं बोलणं. "तू नको. तू आता त्यांच्या विरुद्ध पार्टीची. उद्या ती बाई म्हणेल, चित्रवेलनं टाकलेला माणूस मला चिकटवला. माझं नाव जाईल आणि तुझं पण. मी बोलतो."

"आबा, तुम्ही आयुष्यात कधी स्वतःसाठी बोललाय का?"

"नाटकात बोललोय."

आणि ते बोलले. फोन तोंडासमोर आरतीच्या तबकासारखा धरून. "लाडबाई, आबा खराडे. तो सासरा अजून मोकळा आहे का? असला तर मी आहे. मी रिकामा आहे."

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रिकामा आहे असं कोणी सांगतं?

"आबा?" लाडमॅडम गोंधळल्या. "तुम्ही तर नाही म्हणाला होतात. आम्ही दुसऱ्या कोणाशी बोलत होतो. तसं अजून ठरलं नाही. पण गाडी नाही हं पाठवता येणार. युनिटच्या बसनं यावं लागेल."

"येतो."

"खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. आणि अजून तिघं असतील खोलीत."

आई हवेत हात नाचवत होती. एक हात आडवा, नाही, नाही. मग बोट ओठांवर, गप्प बसा, गप्प बसा. आबांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

"चालंल."

"आणि पहाटे मेकअपला बसायचं."

"पहाटे मला जागच असती."

"मग या सोमवारपासून," लाडमॅडम म्हणाल्या. इतक्या सहज मिळालेल्या माणसाचं काय करावं हे त्यांनाही कळत नसावं.

आबांनी फोन ठेवला आणि ते हसले. पहिलं बक्षीस मिळालेल्या पोरासारखं. "मिळालं! बघ, माझं मी मिळवलं!"

"आबा, तुमचे गुडघे!" आई किंचाळली. "तिसरा मजला! लिफ्ट नाही! आणि चौघांत एक खोली, तुम्ही घोरता! दोन दिवसांत मालिकेतनं दवाखान्यात जाल. असं लगेच हो म्हणतात?"

"मग काय करायचं?"

"गप्प बसायचं!"

"तू तर आत्ता म्हणालीस, मला गप्प बसता येत नाही."

 आईनं फोन उचलला. अंगठा नंबरावर नेला. मग गळ्यात काही नसतानाही छातीपाशी हात नेला, जिथं एरवी ओळखपत्र लटकतं. फोन परत टेबलावर ठेवला. आबा म्हणाले ते खरं होतं आणि तिला ते माहीत होतं. ती या फोनवरून एक शब्द बोलली की तो चित्रवेलचा शब्द होणार होता.

"या वेळी माझ्यानं नाही होणार," ती म्हणाली. आबांना की स्वतःला, कोणास ठाऊक. "आता तुमच्या बाजूनं दुसरं कोणीतरी हवं, आबा. मी किती दिवस सांगतेय, एजंट बघा."

"मला नको दुसरं कोणी."

"हट्ट करू नका."

"तू करतीस तो काय?"

झालं. दोघं परत सुरू. ती म्हणतेय बघा, ते म्हणतायत नको, ती म्हणतेय गुडघे, ते म्हणतायत माझे आहेत. चहावर साय धरली. मोठी माणसं एका प्रश्नाभोवती इतक्या फेऱ्या मारतात की एखाद्याला वाटावं तो प्रश्न म्हणजे वडाचं झाड आहे. आणि सोमवार उद्यावर होता.

मी माझा फोन घेतला. म्हणजे पप्पांचा जुना, अभ्यासासाठी दिलेला. आईच्या फोनवरून नंबर बघून लावला.

"ईशू, काय करतेयस?"

मी बोट ओठांवर ठेवलं. आई गप्प झाली. आबासुद्धा.

"हॅलो, लाडमॅडम? आबा खराडेंच्या कामाबद्दल फोन केला होता."

"आत्ताच बोलले ना ते? सगळ्याला हो म्हणालेत."

"ते हो म्हणणारच. म्हणून तर फोन करावा लागला." आवाज माझाच येत होता, आणि चांगला येत होता. "त्यांना तळमजल्यावर स्वतंत्र खोली लागेल."

"ते नाही जमणार. तळमजला सगळा कॅमेऱ्याच्या सामानाला दिलाय."

"हं," मी म्हणाले.

आणि थांबले. नखांकडे बघत बसले. डाव्या अंगठ्याच्या नखात खडूची पूड होती. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. आबांनी श्वास रोखून धरला होता, आणि या वेळी तो खरंच ऐकू येत नव्हता.

"हॅलो?" लाडमॅडम म्हणाल्या. "हॅलो, आहात का? हे बघा, एक खोली आहे मागच्या बाजूला, पण छोटी आहे..." मग त्या एकदम थबकल्या. "पण तुम्ही कोण बोलताय? आवाज तर लहान मुलीचा वाटतोय."

मी आईकडे पाहिलं. वाटलं ती फोन हिसकावून घेईल. ती उठली. पण माझ्याकडे आली नाही. मागच्या पायरीवर गेली आणि जाताना दार ओढून घेतलं. चित्रवेलच्या साहेबांनी ते ऐकायचं नव्हतं.

"ईश्वरी नलवडे," मी म्हणाले. "मी आबांच्या बाजूनं बोलतोय."

 पलीकडून कागद सरकल्याचा आवाज आला.

"बरं. मागची छोटी खोली, तळमजला, एकटे," लाडमॅडम लिहून घेत म्हणाल्या. "आणखी काय?"